बंद दाराआडची निवड



रेवदंड्याचा पूल ओलांडून, साळाव मागे टाकून आपण मुरूडच्या रस्त्याला लागलो की उजव्या हाताला समुद्रात घुसलेली डोंगराची एक सोंड दिसते. तिच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला आहे, पायथ्याशी दीपगृह आहे, आणि अलीकडे कोर्लई गाव. ह्या गावात ख्रिस्ती लोकांची एक जुनी वस्ती आहे. ही माणसे शाळेत मराठी शिकतात, बाजारात मराठी बोलतात. पण घरात शिरली की त्यांच्या तोंडी एक निराळीच बोली येते. ती जुन्या पोर्तुगीजातून निघाली आणि मराठीच्या शेजाराने वाढली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आली, फिरंगी सत्ता निघून गेली. भाषा मात्र मागे राहिली. सत्ता जाते आणि आईच्या तोंडचे शब्द राहतात, हे पाहायचे असेल तर पुस्तके उघडायला नकोत, कोर्लईला एक फेरी मारावी.

आज मला ह्या वस्तीची आठवण व्हायला एक चित्रपट कारण झाला. 'कॉन्क्लेव्ह' हे त्याचे नाव. रॉबर्ट हॅरिस ह्या इंग्रज लेखकाच्या २०१६ मधल्या कादंबरीवरून तो काढला आहे, एडवर्ड बर्गर त्याचा दिग्दर्शक, आणि २०२४ मध्ये तो पडद्यावर आला. पुढच्या वर्षी त्याच्या पटकथेला ऑस्करचे पारितोषिक मिळाले. आमच्या विद्यार्थ्यांना मी तो वर्गातल्या भिंतीवर पडदा लावून दाखवला. तांबड्या झग्यातले शंभरएक म्हातारे एका इमारतीत कोंडून घेतात आणि चिठ्ठ्या टाकतात, एवढीच गोष्ट. पोरे अर्ध्यातून उठून जातील अशी मला धास्ती होती. एकही उठले नाही. आणि दिवे लागल्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, प्रचारच करायचा नाही, तर मत कुणाला द्यायचं हे ठरवायचं कसं?"

हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. त्याच्याच पाठीमागून जाऊन मी आज आपल्याशी बोलणार आहे.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. पोप वारले आहेत. नव्या पोपची निवड पार पाडण्याची जबाबदारी कार्डिनल लॉरेन्स ह्या वयस्क माणसावर येते. राल्फ फाइन्सने हे काम असे केले आहे की त्याच्या नुसत्या खांद्यांवरून मनावरचे ओझे कळावे. ह्या लॉरेन्सला खरे म्हणजे पद सोडून जायचे होते. प्रार्थना करणे आपल्याला जड जाते आहे असे त्याला वाटत होते. दिवंगत पोपने त्याला जाऊ दिले नव्हते. आता त्याच्यासमोर उमेदवार उभे राहतात. 'उभे राहतात' हा शब्दही चुकला म्हणा, कारण तिथे कोणी अर्ज भरत नाही. कोणी म्हणत नाही मला निवडा. प्रत्येक जण म्हणतो, छे, मला ते ओझे नको. आणि रात्री जिन्यावर, जेवणाच्या टेबलाशी, नाटकगृहाच्या रिकाम्या खुर्च्यांत आकडेमोड चालू असते. एकाचे जुने पाप बाहेर काढण्यासाठी दुसऱ्याने दूरदेशीची एक जोगीण मुद्दाम रोममध्ये आणवून ठेवलेली असते. त्याच दुसऱ्याने पैसे देऊन मते घेतलेली असतात. मतमोजणीचा प्रसंग आला की आमचा वर्ग असा शांत होई, जणू आपल्याच गावची मोजणी चालली आहे.

शेवट मी सांगणार नाही. तो तुम्ही स्वतः पाहावा, आणि पाहिल्यावर घरात भांडावे.

आता ह्या रीतीविषयी. 'कॉन्क्लेव्ह' हा शब्द लॅटिन आहे. 'किल्लीसकट', म्हणजे कुलूप लावलेली खोली, असा त्याचा अर्थ. हे कुलूप आले कुठून? इटलीत व्हितेर्बो नावाचे गाव आहे. १२६८ मध्ये तिथे पोप वारला आणि कार्डिनलांचे एकमत होईना. महिने गेले, वर्ष गेले, दुसरे गेले. गावकरी वैतागले. त्यांनी ह्या मंडळींना वाड्यात कोंडले, जेवण कमी केले, आणि तरीही काही होईना तेव्हा वरचे छप्पर काढले. तेवढ्या काळात काही कार्डिनल तिथेच वारले. अखेर १२७१ मध्ये निवड झाली ती त्यांच्यातल्या कुणाची नव्हे, दूर पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर असलेल्या एका धर्माधिकाऱ्याची! तो माणूस साधा पाद्रीसुद्धा झालेला नव्हता. हाच पोप दहावा ग्रेगरी. त्याने १२७४ मध्ये नियम करून टाकला: सर्वांनी एकत्र कोंडून घ्यायचे, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर पाणी, भाकरी आणि थोडा द्राक्षारस. आपल्याकडे सभा लांबली की चहा येतो. तिथे ताटातले पदार्थच उठू लागले.

दोन तृतीयांश मते लागतात, हा नियम त्याच्याही आधीचा, ११७९ चा. तो मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे एका मताने जास्त तो निवडून आला, आणि मते सारखी पडली तर चिठ्ठी टाकायची. तिथे तसे चालत नाही. निम्म्यांचा जोर लावून तुम्हाला पुढे जाता येत नाही. विरुद्ध बाजूच्या काहींना तरी 'हा माणूस आम्हालाही सोसेल' असे वाटावे लागते. त्यामुळेच पहिल्या फेरीत ज्याचा फार गाजावाजा तो मागे पडतो आणि कोपऱ्यातला गप्प माणूस पुढे सरकतो, असे पुष्कळदा घडलेले आहे.

प्रत्यक्ष मतदानही ऐकण्याजोगे आहे. सिस्टीन चॅपेल नावाच्या प्रार्थनामंदिरात हे चालते. समोरच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने काढलेले अंतिम न्यायाचे प्रचंड चित्र. हातातल्या कागदावर वरच्या बाजूला लॅटिनमध्ये छापलेले असते, 'मी निवडतो'; खाली नाव लिहायचे, आणि शक्यतो आपले अक्षर ओळखू येणार नाही असे. घडी घालून, ती हातात उंच धरून, एकेकाने वेदीपाशी जायचे आणि मोठ्याने म्हणायचे की, जो माझा न्याय करणार आहे त्या ख्रिस्ताला साक्षी ठेवून सांगतो, देवासमोर ज्याला निवडणे योग्य वाटते त्यालाच मी हे मत देत आहे. मग चिठ्ठी पात्रात टाकायची. आधी चिठ्ठ्या नुसत्या मोजतात. मतदारांच्या संख्येशी जुळल्या नाहीत तर न उघडताच जाळून टाकतात. जुळल्या तर तिघे जण एकामागून एक पाहतात, तिसरा नाव मोठ्याने वाचतो आणि 'निवडतो' ह्या शब्दातून सुई घालून चिठ्ठी दोऱ्यात ओवतो. शेवटी ती माळ जळते. निवड झाली नसेल तर काळा धूर, झाली तर पांढरा. पूर्वी ह्या धुराचा घोटाळा होई. १९५८ मध्ये पहिल्याच दिवशी धूर आधी पांढरा वाटला, लोक आनंदले, आणि मग तो काळा निघाला. आता त्यासाठी रसायने वापरतात आणि घंटाही वाजवतात.

माझ्यासारख्या प्राध्यापकांना निवडणुकीत केंद्राध्यक्ष म्हणून जावे लागते, हे आपल्यापैकी शिक्षक मंडळींना सांगायला नको. त्या रात्री नोंदवहीतल्या सह्या आणि यंत्रावरचा आकडा जुळेपर्यंत पाण्याचा घोट गळ्याखाली उतरत नाही. म्हणून ती सुई आणि तो दोरा पडद्यावर पाहताना मला आपला माणूस भेटल्यासारखे झाले.

पण हे कुलूप कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. लवकर निकाल लागावा म्हणून ते सुरू झाले हे खरे. पुढे त्याचा दुसरा उपयोग ध्यानात आला. बाहेरची माणसे बाहेर राहावीत! बाहेरची म्हणजे कोण? राजे, सरदार, सावकार. युरोपातल्या कॅथॉलिक राजांचा असा दावा असे की, अमुक माणूस पोप झालेला आम्हाला चालणार नाही. १९०३ ची गोष्ट घ्या. रामपोला नावाच्या कार्डिनलला मते वाढत होती. तेव्हा क्राकोचे कार्डिनल पुझिना उठले आणि ऑस्ट्रियाच्या बादशहाचा नकार त्यांनी भर सभेत वाचून दाखवला. कुलूप होते, पण बादशहा एका कार्डिनलच्या खिशात बसून आत आला होता. रामपोला पोप झाले नाहीत. जे झाले त्या दहाव्या पायसने दुसऱ्याच वर्षी असा नकार आणणे कायमचे बंद केले.

राजाच्या मर्जीने धर्मगुरू नेमला जाणे ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला काही नवी नाही. इथे कोर्लई पुन्हा येते. पोर्तुगालच्या राजाला पोपांकडून एक जुना हक्क मिळाला होता. पूर्वेकडच्या मुलखात धर्मप्रसाराचा खर्च राजाने सोसायचा आणि त्याबदली बिशप कोण असावा हे राजाने सुचवायचे. त्याला 'पाद्रोआदो' म्हणत. चौल, वसई, दमण ह्या साऱ्या पट्टीवर हाच अंमल. रेवदंड्याच्या कोटात संत बार्बराच्या चर्चचा सातखणी मनोरा अजून उभा आहे. तो बांधला गेला तेव्हा इथल्या भाविकांचा बिशप लिस्बनच्या दरबारात ठरत असे. पुढे मुलूख गेला, पण हक्क काही सुटला नाही. एकीकडे गोव्याच्या आर्चबिशपमार्फत चालणारा राजाचा हक्क, दुसरीकडे थेट रोमने पाठवलेले धर्माधिकारी, अशी ओढाताण दीर्घकाळ चालली. मुंबईत तर १७९४ मध्ये इंग्रज कंपनी सरकारने दोन्ही पक्षांना चर्चे वाटून दिली. धर्म कॅथॉलिकांचा, भांडण पोर्तुगीज राजा आणि रोमचे, आणि वाटणी करणारे प्रॉटेस्टंट व्यापारी! ज्यांच्यासाठी हे सगळे, त्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

१९२८ मध्ये तोड निघाली ती पाहा. मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा! हिंदी माणसाची पाळी त्या करारात नव्हतीच. त्याप्रमाणे आधी जोआकिम लिमा हे पोर्तुगीज आले, १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज आले. ह्या रॉबर्ट्सविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण चित्रपटातल्या लॉरेन्सचा हा सख्खा भाऊ शोभेल.

रॉबर्ट्स इथे राहिले, युद्धाचा काळ त्यांनी पाहिला, आणि त्यांच्या मनाने घेतले की ह्या खुर्चीवर इथलाच माणूस बसला पाहिजे. करार आडवा होता. आपण राजीनामा दिला तर पाळीप्रमाणे पोर्तुगीज येणार. मग त्यांनी काय करावे? १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे गोव्याच्या घराण्यातले, कराचीत जन्मलेले धर्मगुरू त्यांचे साहाय्यक बिशप झाले. रॉबर्ट्सनी कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबईपासून दूर राहू लागले. पद नावावर, काम दुसऱ्याच्या हातात, अशी चार वर्षे काढली. १९५० मध्ये पोर्तुगालने आळीपाळीचा हक्क सोडला, रॉबर्ट्सनी राजीनामा दिला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. खुर्ची मिळवण्यासाठी माणसे काय काय करतात ते आपण रोज वाचतो. ती दुसऱ्याला मिळावी म्हणून चार वर्षे उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

आणि मग जे घडले ते फार भराभर घडले. जानेवारी १९५३ मध्ये ग्रेशस कार्डिनल झाले, भारतातले पहिले. १९५८ च्या ऑक्टोबरात बारावे पायस वारले आणि सिस्टीन चॅपेलमध्ये ५१ कार्डिनल जमले, त्यांत हे होते. कोर्लई, रेवदंडा, अलिबाग ही आपली किनारपट्टी मुंबईच्या आर्चबिशपच्या क्षेत्रात येते. म्हणजे हिशेब करा. ज्या किनाऱ्याला स्वतःचा बिशप सुचवण्याचाही अधिकार नव्हता, त्याचा बिशप आठ वर्षांत साऱ्या कॅथॉलिक जगाचा पोप निवडायला बसला. त्या खेपेस अकराव्या फेरीत तेविसावे जॉन निवडून आले. वय शहात्तर, म्हातारा आहे, चार दिवस गाडा हाकेल, असेच पुष्कळांना वाटले. ह्या म्हाताऱ्याने जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली आणि प्रार्थना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होण्याची वाट मोकळी झाली. १९६३ च्या निवडीतही ग्रेशस होते. तेव्हा निवडलेले सहावे पॉल पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप.

पुढे २००५ मध्ये मुंबईचे आयव्हन डायस, २०१३ मध्ये ऑस्वाल्ड ग्रेशस असे मत देऊन आले. ८० वर्षे उलटलेल्या कार्डिनलला मत नाही, हा नियम त्याच सहाव्या पॉलनी १९७० मध्ये केला. त्याचा फटका कुणाला बसला ते पाहा. ऑस्वाल्ड ग्रेशसना ८० पूर्ण झाली २४ डिसेंबर २०२४ ला; पोप फ्रान्सिस वारले २१ एप्रिल २०२५ ला. चार महिन्यांनी हुकले. त्या मे महिन्यात भारतातून चौघे मत द्यायला गेले, त्यांत गोव्याचे फिलिप नेरी फेराव होते. मुंबईचे कोणी नव्हते. १३३ कार्डिनल, लागणारी मते ८९. चित्रपटात फेऱ्यांमागून फेऱ्या रंगतात. इथे ७ मेच्या संध्याकाळी कुलूप लागले आणि ८ तारखेला चौथ्या फेरीत पांढरा धूर निघाला. शिकागोत जन्मलेले आणि पेरू देशात बिशप म्हणून राहिलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट हे चौदावे लिओ झाले.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे वळतो. प्रचार नाही तर ठरवायचे कसे? मी त्याला सांगितले, बोलायला बंदी नाही. कुलूप लागण्यापूर्वी दिवसचे दिवस सभा होतात, प्रत्येक जण आपापल्या मुलखाची दुखणी मांडतो. बंदी आहे ती सौद्याला. मला मत दे, मी तुला अमुक देतो, ह्याला. एवढे ऐकून झाले की माणसाने कागद घेऊन एकट्याने बसायचे. कुलूप त्या एकटेपणाच्या राखणीला आहे. हे उत्तर मला बरे वाटले. मुलाला वाटले नाही. तो म्हणाला, "पण सर, कुलूप लावूनसुद्धा आत सौदे झालेच की!" आणि त्याचे बरोबर होते. चित्रपटात तर स्वतः लॉरेन्स, इतरांच्या हावेचा हिशेब मांडणारा लॉरेन्स, एका फेरीत चिठ्ठीवर आपलेच नाव लिहितो. ती पात्रात टाकतो न टाकतो तोच बाहेर स्फोट होऊन वरची खिडकी फुटते. बाहेरच्यांना कुलूप अडवते. जे मनात दडून आत येते त्याला ते काय करणार?

पैसे देऊन धर्मपद घेण्याला तिकडे एक वेगळे नाव आहे आणि ते मोठे पाप मानले आहे. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी ह्या दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. पैसा कुणाच्या खिशात जायचा होता? कुणाच्याच नाही, देवळाला! त्यामुळे लोकांना त्यात वावगे वाटत नव्हते, आणि हीच त्यातली अवघड गोष्ट आहे. देवासाठी पैसा उभा राहतो, गावात तंटा होत नाही, खर्च वाचतो. फक्त ज्याच्याजवळ दोन कोटी नाहीत त्याचे मत कुठे गेले, ते कुणी विचारीत नाही.

हे मी दुसऱ्यांच्या गावाविषयी बोललो, तेव्हा आता माझ्या गावाविषयीही बोलले पाहिजे.

माझे गाव ह्याच किनाऱ्यावर आहे. नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पंचायतीची निवडणूक लागली आणि जाणत्या मंडळींनी ठरवले की यंदा बिनविरोध करायची. बिनविरोध गावाला निधी देऊ अशी घोषणा पुढाऱ्यांनी केलेली होती. ओटीवर बसून नावे ठरली. सगळे जुळले, एक जागा सोडून. कोळीवाड्यातल्या एका बाईने अर्ज भरला होता. सुकी मासळी विकणारी बाई, माझ्या आईच्या ओळखीची. वाड्यातल्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येते, एवढेच तिचे म्हणणे. मंडळी मला म्हणाली, तुम्ही शिकलेले, तुमचे ती ऐकेल. आणि मी गेलो. तिने बोंबलाच्या वलांडीखाली बाज टाकून दिली, पाणी दिले. मी गावाचे ऐक्य, निधी, खर्च, सगळे नीट समजावून सांगितले. वर्गात सांगतो तसे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः आलात म्हणून सही करते. पण उभी राहून पडले असते ना, तर माझ्याबरोबर किती जण आहेत ते तरी मला कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज मागे घेतला. गाव बिनविरोध झाले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मीही होतो.

चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. सगळे कार्डिनल जेवायला बसलेत. काबूलहून आलेल्या, कुणालाच फारशी ओळख नसलेल्या बेनितेझला लॉरेन्स प्रार्थना म्हणायला सांगतो. तो नेहमीची प्रार्थना म्हणतो, आणि मग थांबून, ज्यांनी हे अन्न रांधले त्या भगिनींसाठीही दोन शब्द म्हणतो. क्षणभर सगळे चपापतात, कारण वाढणाऱ्या त्या बायकांकडे तोवर कुणी पाहिलेलेच नसते. वर्गातल्या अंधारात हे पाहताना मला ती बाज आठवली, आणि तो फोटोही. दोन्हींकडे कुलूपच होते म्हणा. तिकडचे कुलूप मतदाराला आत ठेवून बाकीच्यांना बाहेर काढते. आम्ही ओटीवर बसून लावलेल्या कुलपात आत आम्ही होतो, आणि मतदार बाहेर.

गेल्या खेपेस कोर्लईला गेलो तेव्हा चर्चच्या पायरीवर एका वृद्ध गृहस्थांशी बोलत बसलो होतो. मी विचारले, "बाबा, पोप निवडताना तुम्हाला काही विचारायला नको होतं का?" ते हसले. म्हणाले, "आम्हाला कोण विचारणार सर? पण नाव मात्र आम्हाला घ्यावं लागतं ना." मला नीटसे कळले नाही, तेव्हा त्यांनी समजावले. रोज मिस्साबळीत एक जागा अशी येते की तिथे पोपचे आणि आपल्या बिशपचे नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. पोप वारला की ते नाव गळते, आणि नवा होईपर्यंत नुसते बिशपचेच घेतात. २०२५ च्या एप्रिलात ईस्टरच्या सोमवारी ते नाव गळले. त्यानंतर सतरा दिवस इथल्या मराठी प्रार्थनेत त्या ठिकाणी काहीच नव्हते.

"सवयीने तोंडात यायचं, आणि मग आठवायचं की नाही," ते म्हणाले. "फ्रान्सिस म्हणायला लागायचो आणि थांबायचो."

"आणि नवीन नाव कळल्यावर?"

"पहिल्या दिवशी पाद्रीबाबा जरा अडखळले. लिओ. आम्ही पण सगळे ऐकत होतो, कसं म्हणतात ते."